थंड फायरप्लेसचा खर्च: लंडनमधल्या एका जुन्या घराचं प्रकरण

पूर्व लंडनमधलं हे घर 1900 च्या आसपासचं. एका ओळीत चिकटून बांधलेल्या घरांपैकी मधलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक. खाली रस्त्याकडची बैठकीची खोली, मधली खोली आणि मागे स्वयंपाकघर. वर तीन बेडरूम. राहणारे नवरा, बायको (माझ्या वहिनी), शाळेत जाणारी मुलगी आणि वर्षातले काही महिने नाशिकहून येणाऱ्या नवऱ्याच्या आई, म्हणजे काकू. मी इमारतींच्या हीटिंगचं काम करतो, म्हणून त्यांनी मला बोलावलं. घराची ओळख पटेल असं काही न लिहिता सगळं मांडायला त्यांची हरकत नाही.

प्रश्न वरवर सोपा होता. खोल्यांमधल्या रेडिएटरांसाठी पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर पंधरा वर्षांचा झाला होता आणि कुरकुर करू लागला होता. त्याच्या जागी काय घ्यायचं? नवऱ्याला बैठकीच्या खोलीतल्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडावरचा लोखंडी स्टोव्ह हवा होता. वहिनींना बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारा विजेवरचा हीट पंप हवा होता, कारण त्यावर सरकारी अनुदान मिळतं आणि गॅसवरचं अवलंबून राहणं संपतं. काकूंना यातलं काहीच नको होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "भिंतीवरचं ते यंत्र वीस दाखवतंय, मग माझे पाय एवढे गार का पडतात रे?"

माझ्या मते त्या घरातला सगळ्यात नेमका प्रश्न काकूंचा होता. बाकी दोघं यंत्र निवडत होते. घरातली ऊब जाते कुठे, हे मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

उदबत्तीची परीक्षा

देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली आणि बैठकीच्या खोलीत फायरप्लेसच्या तोंडाशी धरली. आत विस्तव नव्हता, कित्येक वर्षं नव्हता. तरी धूर सरळ वर न जाता आडवा होऊन आत ओढला गेला आणि धुराड्यात नाहीसा झाला. मग तीच उदबत्ती मुख्य दाराच्या टपालाच्या फटीपाशी धरली. तिथे धूर खोलीच्या दिशेनं झुकला. सोफा या दोन जागांच्या मधोमध होता आणि काकू त्याच सोफ्यावर बसत.

कारण साधं आहे. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. दोन मजल्यांच्या घराचं धुराडं छपराच्याही वर निघालेलं असतं, म्हणजे आठ-दहा मीटर उंच उभी नळीच. घर जितकं गरम आणि बाहेर जितकं थंड, तितकी या नळीची ओढ जास्त. वर वारा सुटला की आणखी जास्त. जितकी हवा वरून निघून जाते तितकीच दारांच्या, खिडक्यांच्या आणि लाकडी जमिनीच्या फटींमधून थंडगार आत येते. थंड हवा जड असल्यानं ती जमिनीलगत वाहते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट छातीच्या उंचीवर वीस अंश दाखवतो आणि पायांजवळून पंधरा-सोळा अंशांचा झोत जात असतो. काकूंची तक्रार शब्दशः खरी होती.

हे किती नुकसान आहे? ब्रिटनमध्ये घराच्या ऊर्जेचा हिशेब करण्याची जी सरकारी पद्धत आहे, तिच्या आताच्या आवृत्तीत एका उघड्या धुराड्यामागे ताशी 80 घनमीटर हवा बाहेर जाते असं धरतात. एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला सुमारे 0.33 वॅट-तास लागतात. म्हणजे एका धुराड्याचा तोटा दर अंशामागे साधारण 26 वॅट. बाहेर उणे दोन आणि आत एकवीस, असा 23 अंशांचा फरक असेल तर 600 वॅट. या घरात दोन धुराडी उघडी होती, बैठकीच्या खोलीतलं आणि मधल्या खोलीतलं. दोन्ही मिळून 1.2 किलोवॅट. सबंध घराचा त्याच थंडीतला उष्णतेचा तोटा मी काढला तो सात किलोवॅटच्या थोडा वर निघाला. म्हणजे घरातल्या ऊबेचा सहावा हिस्सा अशा दोन भोकांवाटे जात होता, ज्यांचा कुणी काहीही उपयोग करत नव्हतं.

विटांच्या भिंती, खिडक्या, छप्पर यांचा तोटा एकत्रितपणे यापेक्षा मोठा आहेच. नऊ इंची भरीव विटेच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशामागे दोन वॅटच्या आसपास उष्णता जाते. पण भिंत सुधारायला हजारो पौंड लागतात. धुराडं बंद करायला लोकरीचा एक बोळा पुरतो.

ही भोकं आली कुठून

लंडनच्या जुन्या घरात प्रत्येक खोलीला फायरप्लेस असणं हा एके काळचा नियमच होता. इंग्लंडमध्ये 1662 ते 1689 या काळात घरातल्या शेगड्या मोजून कर घेत, एका शेगडीला वर्षाला दोन शिलिंग. पुढे कोळसा स्वस्त झाला आणि मध्यमवर्गीय घरातही चार-पाच धुराडी आली. त्या विस्तवाची कार्यक्षमता मात्र कायम वाईट राहिली. 1790 च्या दशकात काउंट रम्फर्ड यांनी चूल उथळ करून, बाजू तिरक्या करून आणि धुराड्याचा घसा अरुंद करून धूर कमी आणि ऊब जास्त मिळवून दाखवली. तरीही उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाची किंवा कोळशाची ऐंशी टक्क्यांच्या आसपास उष्णता धुराड्यातूनच जाते. विस्तवासमोरची माणसं शेकून निघतात, तेवढ्यात मागच्या खोल्या थंड होत जातात, कारण विस्तवाला लागणारी हवा त्या खोल्यांमधूनच येते.

5 ते 9 डिसेंबर 1952 या दिवसांत थंड, स्थिर हवेत लंडनच्या लाखो चुलींचा आणि वीजकेंद्रांचा कोळशाचा धूर शहरावर साचला. त्या वेळच्या अंदाजानुसार चार हजार माणसं त्यानं दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि धूरबंदीचे विभाग ठरले. 1965 मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, 1967 ते 1977 या दहा वर्षांत देशभरातली गॅसची उपकरणं त्या वायूसाठी बदलली गेली, आणि जुन्या कोळशाच्या चुलीच्या जागी गॅसची शेगडी व तिच्यामागे छोटा बॉयलर बसवण्याची पद्धत रूढ झाली.

या घराच्या मधल्या खोलीत ते सगळं भिंतीत वाचता येत होतं. फायरप्लेसच्या तोंडाला प्लायवूडची फळी ठोकलेली, पण हवा न अडवणारी. ती काढली तर मागे जुन्या शेगडीची मेलेली गॅसची नळी, काजळीचा ढीग आणि पक्ष्यांनी वरून टाकलेल्या काटक्या. नळीचं तोंड बंद होतं, पण नीट तपासलेलं नव्हतं. ते काम गॅसचा परवानाधारक फिटर बोलावूनच करायला सांगितलं. गॅसच्या बाबतीत "बघतो मी" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नये.

लाकडाचा स्टोव्ह

नवऱ्याची इच्छा मी हसण्यावारी नेली नाही. विस्तवाजवळ बसण्याचं सुख खरं आहे, आणि वीज गेली तरी चालणारं एखादं साधन घरात असावं या म्हणण्यातही तथ्य आहे. बंद दाराचा चांगला स्टोव्ह उघड्या फायरप्लेसच्या कितीतरी पुढे आहे: लाकडातली सत्तर ते ऐंशी टक्के उष्णता तो खोलीला देतो. वीस टक्क्यांहून कमी ओलावा असलेल्या एक किलो सुक्या लाकडात सुमारे चार युनिट, म्हणजे चार किलोवॅट-तास, उष्णता असते.

तरीही मी या घरासाठी नको म्हणालो. पहिलं कारण मुलगी. तिला दमा आहे. धूरबंदीच्या विभागात सरकारमान्य स्टोव्ह चालतो, धुराड्यातून दिसेल इतका धूर निघाला तर दंड होऊ शकतो, हे सगळे नियम पाळले तरी लाकूड जळताना बारीक कण निघतातच. दार उघडून ओंडका टाकताना ते खोलीत येतात, आणि वरून बाहेर गेलेले शेजारच्या गल्लीत उतरतात. दाट वस्तीच्या शहरात, जिथे गॅस आणि वीज दोन्ही घरात आहेत, तिथे हौसेसाठी लाकूड जाळावं असं मला वाटत नाही. डोंगरातल्या एकट्या घराला मी वेगळं उत्तर दिलं असतं.

दुसरं कारण धुराड्याच्या आतली अवस्था. शंभर वर्षांच्या काजळीनं आणि आम्लानं आतला चुन्याचा गिलावा खाल्लेला होता. धुराची चाचणी घेतली तेव्हा वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यात वास आला. तिथे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तसाच आला असता, आणि त्याला वास नसतो. स्टोव्हसाठी छपरापर्यंत स्टीलचं अस्तर घालावं लागलं असतं. स्टोव्ह, अस्तर, चौथरा आणि मजुरी मिळून खर्च काही हजार पौंडांवर गेला असता, आणि त्यानं एकच खोली तापली असती.

काकूंनी मधेच सुचवलं, की निदान कोळशाची शेगडी पेटवून संध्याकाळी तासभर खोलीत ठेवू. गावाकडे थंडीत असंच करतात, हे मलाही माहीत आहे. पण तिथल्या घरांना कौलांच्या फटी असतात. बंद खोलीतल्या शेगडीनं माणसं झोपेतच जातात. या एका बाबतीत मी काकूंना स्पष्ट नाही म्हणालो.

धुराड्याचा बाहेर आलेला विटांचा भाग पाडून खोली मोठी करावी, हाही एक विचार त्यांच्या डोक्यात होता. ती भिंत सामाईक, धुराडं शेजाऱ्यांच्या धुराड्याला पाठ लावून उभं आणि वरच्या विटांचं वजन खालच्यांवर. 1996 च्या सामाईक भिंतींच्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांना नोटीस, इंजिनिअरचा हिशेब, पोलादी आधार, पालिकेची परवानगी. हाती काय लागणार, तर चाळीस सेंटिमीटर. तो विषय तिथेच संपला.

बॉयलर की हीट पंप

हीट पंप म्हणजे उलट्या दिशेनं चालवलेला फ्रिज. तो बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उपसून आत आणतो. म्हणून एक युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास ऊब मिळते. विजेचा हीटर, मग तो तेल भरलेला असो, पंख्याचा असो की भिंतीवरचा इन्फ्रारेड पॅनेल, एका युनिटाला एकच युनिट देतो. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असलं तरी यात फरक पडत नाही.

अडचण दराची आहे. 2025 च्या शरदातल्या दरांनी वीज 26 पेन्सच्या आसपास आणि गॅस साधारण सव्वासहा पेन्स प्रति युनिट होता. म्हणजे वीज चौपट महाग. पंपानं तीनपट ऊब दिली तरी नुसत्या युनिटांच्या हिशेबात गॅस पुढेच राहतो. या घराला गळती बंद केल्यावर वर्षाला साडेदहा हजार युनिट उष्णता लागेल असा माझा अंदाज होता, त्यात आंघोळीचं पाणीही आलं. नवा बॉयलर घेतला तर गॅस सुमारे 750 पौंडांचा, वर मीटरचं वर्षाचं भाडं 120 च्या घरात, एकूण 870. हीट पंप 3.2 च्या सरासरीनं, म्हणजे एका युनिट विजेत 3.2 युनिट ऊब देत, चालला तर वीज सुमारे 850 पौंडांची. तोच 2.5 नं चालला तर 1,090.

निर्णय या दोन आकड्यांमध्ये अडकलेला होता, आणि 2.5 की 3.2 हे पंपाच्या कंपनीपेक्षा पाण्याच्या तापमानावर ठरतं. रेडिएटरमध्ये 45 अंशांचं पाणी फिरवून घर गरम राहत असेल तर पंप आरामात चालतो. त्यासाठी 60 अंश लागत असतील तर वीज खातो. आणि रेडिएटरचं गणित निर्दय आहे: कारखान्याच्या चाचणीत 1,000 वॅट देणारा रेडिएटर 45 अंशांच्या पाण्यावर जेमतेम 350 वॅट देतो. म्हणून उष्णतेचा तोटा एक-सव्वा किलोवॅटनं कमी होणं ही लहान गोष्ट नव्हती. धुराडी उघडी ठेवून पंप बसवला असता तर जवळजवळ प्रत्येक रेडिएटर बदलावा लागला असता. मग लोक म्हणतात की जुन्या घरात हीट पंप चालत नाही.

काय केलं

मी त्यांना एक हिवाळा थांबायला सांगितलं. जुना बॉयलर दुरुस्त होण्यासारखा होता.

आधी धुराडी साफ करून घेतली. दोन्ही घशांत जाड लोकरीचे बोळे बसवले, ते हवे तेव्हा काढता येतात. माथ्यावर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी घातली, आणि मधल्या खोलीच्या फायरप्लेसचं तोंड बंद करताना त्यात लहान जाळी ठेवली. ही जाळी विसरू नये. विटांचं धुराडं दोन्हीकडून घट्ट बंद केलं तर आत ओल साचते आणि काही महिन्यांत भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. टपालाच्या फटीला ब्रश, जमिनीच्या फळ्यांमध्ये भरण, पोटमाळ्यावर 270 मिलिमीटर लोकर.

घर असं बंद करताना हवेचाही विचार करावा लागतो. या स्वयंपाकघरात रोज कुकर लागतो, फोडण्या होतात, हिवाळ्यात कपडे आतच वाळतात. ती वाफ पूर्वी धुराड्यातून निघून जात होती. आता ती खिडक्यांवर आणि थंड कोपऱ्यांत बसून बुरशी धरली असती, आणि बुरशीही दम्याला वाईट. म्हणून स्वयंपाकघरात हवा थेट बाहेर टाकणारी चिमणी आणि बाथरूममध्ये आर्द्रता ओळखून आपोआप चालणारा पंखा लावला. फरक हा, की धुराडं रात्रंदिवस हवा फेकत होतं आणि पंखा गरज असेल तेवढीच फेकतो.

मग बॉयलरच्या पाण्याचं तापमान 75 वरून 50 वर आणलं आणि हीटिंग सकाळ-संध्याकाळ भडकवण्याऐवजी दिवसभर संथ चालू ठेवलं. यासाठी एक पैसा लागत नाही, आणि हीच हीट पंपाची खरी परीक्षा असते. शिवाय परतीचं पाणी 55 अंशांच्या खाली राहिलं की बॉयलरही धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता परत मिळवतो. 2005 पासून इंग्लंडमध्ये नव्या बॉयलरना ही सोय सक्तीची आहे, पण पाणी 75 वर ठेवणाऱ्या घरांमध्ये ती बरीचशी वाया जाते.

जानेवारीच्या थंडीत पाच खोल्या 50 अंशांच्या पाण्यावर नीट गरम राहिल्या. दोन नाहीत: बैठकीची खोली, जिला रस्त्याकडे तीन बाजूंची मोठी खिडकी आहे, आणि तिच्या वरची बेडरूम. म्हणजे बदलायचे रेडिएटर दोन. काकूंनी सोफ्यावर पांघरूण घेऊन बसणं सोडलं होतं, आणि थर्मोस्टॅटवर आकडा तोच होता, वीस.

पुढच्या उन्हाळ्यात हीट पंप बसला. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यावर 7,500 पौंडांचं अनुदान आहे आणि मार्च 2027 पर्यंत व्हॅट शून्य. बाहेरचं यंत्र मागच्या अंगणात आलं. शेजाऱ्यांच्या हद्दीपासून एक मीटर अंतराची अट इंग्लंडमध्ये मे 2025 मध्ये निघाली, नाहीतर एवढ्याशा अंगणात वेगळी परवानगी काढावी लागली असती. आवाजाची मर्यादा मात्र आहेच, म्हणून ते शेजाऱ्यांच्या खिडकीकडे तोंड करून ठेवलं नाही.

सगळ्यात जास्त वाद पाण्याच्या टाकीवरून झाला. जुना बॉयलर नळ उघडला की पाणी तापवून देई, टाकी लागत नसे. हीट पंपाला ती लागते, चार माणसांसाठी दोनशे लिटरच्या आसपास. ती ठेवायला जागा मागच्या बेडरूममधल्या धुराड्याशेजारच्या कोनाड्यात निघाली. कोनाडा चाळीस सेंटिमीटर खोल आणि टाकी साठ सेंटिमीटर जाड, तेव्हा कपाटाचं दार खोलीत पुढे आलं. वहिनी त्यावर अजून नाराज आहेत, आणि जुन्या घरात पंप घेणाऱ्यांनी ही जागा यंत्राची किंमत विचारण्याआधी शोधावी.

गॅसचं मीटर अजून निघालेलं नाही. इंडक्शनवर लोखंडी तवा चालतो, पोळीही होते, पण फुलका आणि भाकरी जाळावरच फुलली पाहिजे असं घरातल्या दोन्ही सुगरणींचं मत आहे. त्यापायी वर्षाचे ते 120 पौंड चालूच राहतात, आणि वरच्या हिशेबातला हीट पंपाचा थोडासा फायदा उलटा फिरतो. मुलीच्या दम्यासाठी जाळ घरातून जावा असं माझं मत मी त्यांना सांगितलं आहे. तोवर स्वयंपाक करताना चिमणी चालू हवी, एवढं त्यांनी मान्य केलं.

बैठकीच्या खोलीतल्या फायरप्लेसची ओतीव लोखंडी चौकट आणि फरश्या जागच्या जागी आहेत. पुढचं काम त्याच खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीचं आहे. बाहेरून थर लावला तर विटांचं दर्शनी रूप झाकलं जाईल, म्हणून आतून साठ मिलिमीटर लाकडाच्या तंतूंचे पॅनेल आणि त्यावर चुन्याचा गिलावा, म्हणजे विटांना ओल सोडायला वाव राहील. सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा कागद वापरून हेच काम निम्म्या खर्चात करून देतो म्हणणारा एक कंत्राटदार येऊन गेला. त्याला नको म्हणून कळवलं आहे. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळेपर्यंत ती भिंत तशीच राहील.